इनोबतच्या घरची बारी

इनोबतने सकाळी उठून आधी अंगणाचं फाटक सताड उघडलं, गल्लीच्या तोंडापर्यंत झाडून काढलं, पाणी शिंपडलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की मैत्रिणी दुपारी यायच्या आहेत. उघडलंच आहे तर असू दे, म्हणून तिने ते तसंच ठेवलं. तिचा नवरा एर्गश गेल्यापासून फाटकाच्या दोन्ही फळ्या एकदम उघडायचं कारणच पडलं नव्हतं. एकट्या बाईला भाजीची पिशवी घेऊन आत-बाहेर करायला एक फळी किलकिली केली तरी पुरते.

मोहल्ल्यात इनोबतला सगळे ओळखतात, आणि ओळखतात ते तिच्या तंद्रीमुळे. "इनोबत आली, मन मागून चालत येतंय," असं तिची सख्खी आईसुद्धा म्हणायची. लग्नाआधी ती मार्गिलानच्या टेलिफोन केंद्रात कामाला होती. कानाला यंत्र लावायचं आणि ज्याला जो नंबर हवा तो जोडून द्यायचा. असल्या मुलीला त्या खुर्चीत कोणी बसवलं, अल्ला जाणे. कापूस खरेदीच्या एका साहेबाला तिने एकदा प्रसूतिगृह जोडून दिलं. तिकडून कोणीतरी घाईघाईने "मुलगी झाली, अभिनंदन" म्हणून सांगितलं. साहेबांच्या बायकोची पन्नाशी उलटलेली. साहेब आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत.

एर्गशची गाठ पडली तीही तिथेच. तो बसचा चालक. रोज पहाटे आगारातून फोन करून विचारायचा, "किती वाजले?" आणि इनोबत समोरच्या घड्याळात बघून सांगायची. ते घड्याळ मागे पडलं होतं हे सगळ्या केंद्राला माहीत होतं, फक्त तिलाच नाही. एक दिवस त्याची बस चांगलीच उशिरा सुटली, वरून बोलणी बसली, आणि तो तणतणत केंद्रात आला. बघतो तर एक मुलगी हातात वायरी धरून खिडकीतल्या पारव्याकडे बघत बसली होती, आणि समोरचे दिवे लुकलुकत होते. तो तिथेच उभा राहिला. भांडायला आलेला माणूस "किती वाजले?" एवढंच विचारून परत गेला. महिन्याच्या आत त्याची आई नान घेऊन मागणी घालायला आली, दोन्ही घरच्यांनी मिळून ती नान मोडून सोयरीक पक्की केली, आणि इनोबत या अंगणात आली.

तेव्हापासून ओसरीवरच्या तख्ताची ती कडेची जागा एर्गशची. दिवसभर मार्गिलान ते फरगाना करून गुडघे आखडायचे, त्यामुळे मांडी घालून बसणं त्याला जमायचं नाही. खांबाला पाठ टेकायची, एक पाय खाली सोडायचा, डोक्यावरची दोप्पी काढून खांबाच्या खिळ्याला अडकवायची आणि म्हणायचं, "भर."

इनोबत भरायची. पण लहानपणापासूनची सवय अशी की हात अर्ध्यावरच थांबायचा.

"हे काय? मी काय पाहुणा आहे?" तो म्हणायचा. "काठापर्यंत भर. घरच्या माणसाला घोट मोजून देतेस?"

पाहुण्याची गोष्ट वेगळी. पाहुण्याला पियाल्याच्या तळाशी चार घोट द्यायचे, डावा हात छातीवर ठेवून, मान किंचित लववून. ते संपले की पुन्हा चार घोट. जितका कमी चहा तितका मान मोठा, कारण तितक्या वेळा यजमानीण उठणार, वाकणार, विचारणार. आणि काठोकाठ भरलेला पियाला पाहुण्यासमोर आला तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पी आणि नीघ. या अपमानावरून या शहरात सोयरिकी मोडल्या आहेत.

एर्गश गेला दोन हिवाळ्यांमागे. बसमध्ये नाही, रस्त्यावर नाही. झोपेत, शहाण्या माणसासारखा. कपडे वाटून टाकले, बूट मेहुण्याने नेले, दोप्पी तेवढी खिळ्यावर राहिली. मुलाने तिला ताश्कंदला नेलं. आठव्या मजल्यावरच्या त्या घरात सून चांगली होती, नातू गोड होता, पण खिडकीतून खाली बघितलं की इनोबतला वाटायचं, आपण अजून इथे यायच्याच आहोत. ती परत आली. सकाळी तख्तावर बिछायती घालायची, त्यात खांबाजवळची एक घालायचीच, संध्याकाळी गुंडाळायची. आणि चहा ओतायची तो स्वतःच्या पियाल्यात तळाला चार घोट. कधीपासून असं होऊ लागलं, तिला कळलं नाही. आपल्याच तख्तावर अशी बसायची, जणू कोणाकडे तरी आली आहे आणि घरधनी आत गेला आहे, येईलच इतक्यात.

आता त्या बैठकीचं सांगायला हवं. एका वर्गातल्या पाचजणी. महिन्यातून एक दुपार, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. जिची बारी तिने चूल पेटवायची, बाकीच्यांनी जेवायचं, नावं ठेवायची, हसायचं, एखादीने रडायचं, आणि उन्हं कलली की उठायचं. यातली एक इनोबत. दुसरी तिची शेजारीण मस्तुरा. जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवत नाही. फातिमा आणि जुहरा या जुळ्या. एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. आणि पाचवी रिसोलत, शाळेची माजी उपमुख्याध्यापिका, जिने निवृत्तीनंतर शाळा सोडली पण शिस्त बरोबर आणली. बैठकीची म्होरकी तीच. कोणाची बारी केव्हा, कोणी काय करायचं, कोणी कुठे बसायचं, सगळं रिसोलत सांगणार.

आपल्या बारीची अर्धी मजा इनोबतला नंतर यायची. मैत्रिणी गेल्या की एर्गश कोपऱ्यावरून खाकरत यायचा, उरलेला ओश, म्हणजे मटणाचा पुलाव, खायचा आणि विचारायचा, "हं, सांग." मग ती पहिल्यापासून सांगायची. कोण काय घालून आलं, जुहराने फातिमाचं कुठलं वाक्य चुकीचं संपवलं, रिसोलत कोणावर डाफरली. समोर बसून ऐकलेलं सगळं तिला तंद्रीत अर्धवटच कळलेलं असायचं. त्याला सांगताना ते पुरं व्हायचं. मैत्रिणींनाही हे ठाऊक होतं, त्यावरून तिची थट्टा व्हायची.

सुतकाच्या वर्षात तिची बारी वगळली. त्यानंतरची बारी तिने कसलंतरी निमित्त काढून मस्तुराच्या अंगणात उरकली. या खेपेला तेही चालणार नव्हतं. गेल्या महिन्यात रिसोलतने बॉम्बच टाकला होता.

"आता आपली वयं झाली," ती म्हणाली होती. "माझा गुडघा वाकत नाही, फातिमाची कंबर धरते. बागेजवळ नवा कॅफे झालाय. टेबल आहे, खुर्ची आहे, भांडी घासायची नाहीत. बारी जिची तिची, जागा तीच. इनोबतपासूनच सुरू करू. एकटी बाई, कुठे राबत बसणार?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. खुर्चीचा मोह कोणाला नसतो? इनोबतने मात्र मान हलवली नाही. पाच महिन्यांतून एकदाच तिच्या फाटकाशी चपलांचा ढीग पडायचा. तोही गेला तर या घरात कोण येणार होतं? वीज मोजायला येणारा माणूस. तिने आयुष्यात पहिल्यांदाच रिसोलतचं म्हणणं खोडलं. "माझी बारी घरी होऊ दे," ती म्हणाली. "मग तुम्ही ठरवाल ते." रिसोलतने चष्म्यावरून बघितलं होतं आणि "बरं, बघू" म्हटलं होतं. म्हणजे आजची दुपार ही परीक्षा होती, आणि परीक्षक कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

मस्तुरा ऊन चढायच्या आतच कुंपणापलीकडून आली. इनोबत चुलीपाशी बसून पिवळी गाजरं बारीक उभी चिरत होती. चिरताना तिची नजर मांडवावरच्या वेलीकडे होती. पानं पिकायला लागली होती, आणि उजेड त्यातून गाळून अंगणात पडत होता. लांबट हुसैनी द्राक्षांचे शेवटचे घोस होते. त्यातल्या एकात एक गांधीलमाशी शिरत होती, बाहेर येत होती, पुन्हा शिरत होती.

"बोट चिरशील," मस्तुरा म्हणाली.

"हं."

"छत कोसळलंय."

"हं."

"रिसोलत दुसरं लग्न करतेय."

"कोणाशी?" इनोबत दचकून म्हणाली.

"चला, आहेस म्हणायची घरात! तांदूळ भिजवलास?"

"भिजवला."

"मीठ?"

इनोबत विचारात पडली. मस्तुराने कढईतल्या रश्श्यात चमचा बुडवून चाखला. "घातलंयस. आता मी सांगेपर्यंत डबा उघडू नकोस. गेल्या खेपेचा तुझा ओश आठवतोय मला, आठवडाभर पाणी पीत होतो." मग ती तख्ताकडे वळली आणि थबकली. पाचजणींना पाच बिछायती पुरे होत्या. इथे सहा होत्या. सहावी कडेला, खांबाजवळ. वर खिळ्याला दोप्पी. मस्तुराचं तोंड उघडलं आणि, जे क्वचित घडतं, काही न बोलता मिटलं. तिने भोपळ्याचे सोमसे भरायला घेतले.

दुपारी जुळ्या आल्या. नान कापडात बांधून आणली होती.

"अगं बाई, फाटक केवढं उघडलंय!" फातिमा म्हणाली.

"लग्नघरासारखं," जुहराने पुरं केलं.

गळाभेटी झाल्या, घरच्यांची, सुनांची, कोंबड्यांची ख्यालीखुशाली झाली. सगळ्यात शेवटी रिसोलत आली, काठी टेकत, केस नुकते काळे केलेले. फाटकात उभं राहून तिने अंगण डोळ्यांनी तपासलं. शिंपडलेलं पाणी, झाडलेली पानं, कढईवरचं झाकण. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. कुठल्याही मुलीला ती दहापैकी नऊच गुण द्यायची.

तख्ताच्या आतल्या अंगाला, भिंतीशी, दाराच्या समोर, ती मानाची जागा. तिथे आजवर रिसोलतच बसत आली. तिच्यासाठी तिथे दोन लोड ठेवले होते. रिसोलतने तख्ताच्या कडेला हात टेकला, गुडघा वर घ्यायचा प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटले, आणि खांबाजवळच्या बिछायतीवर तिथेच टेकली.

"अगं, तू कडेला?" फातिमा ओरडली.

"दारापाशी?" जुहरा म्हणाली.

"गुडघा," रिसोलत म्हणाली. "मी बसेन ती मानाची जागा. पुढे बोला."

"तिथे नको बसूस," मस्तुरा पटकन म्हणाली.

"का? खिळा टोचतो?"

मस्तुरा सोमशांचं ताट सरकवू लागली. मानाची जागा लोडांसकट रिकामी राहिली.

इनोबत तेव्हा चुलीपाशी होती. ओशाच्या वाफेत बिहीच्या फळांचा वास मिसळला होता, गोडसर, जुन्या कपाटासारखा. तिने भात उपसून मोठ्या निळ्या थाळीत रास केली, वर मटणाचे तुकडे, लसणाचे अख्खे गड्डे आणि पिवळी बिही मांडली, आणि थाळी दोन्ही हातांनी उचलून ती वळली. खांबाला पाठ टेकून कोणीतरी बसलं होतं. एक पाय खाली सोडलेला. मानेवर वेलीतून उन्हाचा एक तुकडा. क्षणभर इनोबतला काहीच नवल वाटलं नाही. नेहमीचंच तर आहे, असं वाटलं. मग रिसोलतने मान वळवली आणि म्हणाली, "आणतेस की तिथेच निववतेस?"

ओश जमला होता. तो कसा जमला हे इनोबतला कधीच सांगता यायचं नाही. सगळ्यांनी एकाच थाळीतून, आपापल्या बाजूने खाल्लं. फातिमा म्हणाली, तांदूळ मोकळा. जुहरा म्हणाली, पण कोरडा नाही. मस्तुराने मोहल्ल्याच्या प्रमुखाची नक्कल केली, रस्त्यातल्या खड्ड्यावर भाषण करता करता खड्ड्यात पाय जाणारी. रिसोलतसुद्धा हसली, पदराआडून हसावं तशी रुमालाआडून. हात चेहऱ्यावरून फिरवून सगळ्यांनी "आमीन" म्हटलं. भिंतीवरची सावली थोडी लांबली होती. पोटं भरली होती, पापण्या जड झाल्या होत्या, आणि बोलणं मध्येच थांबलं तरी कोणाला काही वाटत नव्हतं. खूप दिवसांनी या अंगणात श्वासांचे आवाज होते.

इनोबत चहा घेऊन बसली. किटलीतला हिरवा चहा पियाल्यात ओतला, रंग उतरावा म्हणून परत किटलीत टाकला, पुन्हा ओतला, पुन्हा टाकला, तिसऱ्यांदाही. त्या आवाजात तिला नेहमी गुंगी यायची. जुळ्यांना चार चार घोट दिले. मस्तुराला दिले. स्वतःच्या पियाल्याच्या तळाशी जेमतेम ओतलं.

रिसोलत घसा खाकरून म्हणाली, "आता कामाचं बोलू. जेवण छान झालं, इनोबत, काही नाव ठेवायला जागा नाही. पण बघा, सकाळपासून राबली ती. पुढच्या महिन्यापासून कॅफे. मी तिथल्या माणसाशी बोलून ठेवलंय. कोणाची हरकत?"

इनोबतने रिसोलतचा पियाला हातात घेतला होता. बोलणं तिला ऐकू येत होतं, पण दुरून, जुन्या दिवसांतल्या तारेवरून यावं तसं. बाहेर गल्लीच्या कोपऱ्यावर फरगान्याची बस थांबली. दाराने फुस्स केलं. कोणीतरी उतरलं. वेलीचं एक पान सुटून सावकाश खाली आलं आणि खांबाजवळच्या बिछायतीवर पडलं, त्या खाली सोडलेल्या पायाशेजारी. इनोबतचा हात ओतत राहिला. तिने छातीवर हात ठेवला नाही, मान लववली नाही. घरातल्या माणसाला द्यावा तसा पियाला पुढे सरकवला.

पियाला काठोकाठ भरला होता.

जुळ्यांपैकी कोणीच वाक्य सुरू केलं नाही. रिसोलतने पियाल्याकडे बघितलं. मग इनोबतकडे. मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"कळलं," ती म्हणाली. "हरकत कोणाची ते कळलं. तोंडाने म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"रिसोलत, अगं तिचं लक्ष नव्हतं," मस्तुरा म्हणाली.

"तिचं लक्ष नसतं हे मी पहिलीपासून ऐकतेय. मुळाक्षरं गिरवताना चालायचं. माझ्या तोंडावर मला हाकलताना लक्ष नव्हतं? इतकी वर्षं हिच्याकडे येतेय मी. हिची बाळंतपणं केली. हिचा नवरा गेला तेव्हा बायकांत पुढे उभी होते."

इनोबतने किटली खाली ठेवली. तिला पियाला दिसत होता, त्यात हलणारं आभाळ दिसत होतं, आणि आपल्या हाताने काय केलं ते आता कुठे कळत होतं. आजच, या फाटकातून, या बाईला. आता रिसोलत जाईल. तिच्यामागे जुळ्या जातील. पुन्हा कोणी येणार नाही, आणि घालवलं मी.

रिसोलतने काठी चाचपडली. काठी खाली घसरली होती. मग उठण्यासाठी तिने खांबाला हात घातला. गुडघ्याने दगा दिला, हात वर सरकला, आणि खिळ्यावरची दोप्पी सुटून तिच्या मांडीवर पडली.

ती उचलून बाजूला ठेवणार होती. पण तिने ती उलटी करून बघितली. आतल्या पट्टीवर घामाची पिवळी रेघ होती, वर्षानुवर्षांची. रिसोलतने मान वळवून खांबाकडे बघितलं. डोकं टेकतं तेवढ्याच जागी लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. मग तिने आपल्या खाली सोडलेल्या पायाकडे बघितलं, बिछायतीकडे बघितलं, समोरच्या रिकाम्या मानाच्या जागेकडे बघितलं. बाकी काही असो, मोजणी तिला येत होती.

"तो इथे बसायचा?" तिने विचारलं.

"रोज," इनोबत म्हणाली. "भरूनच मागायचा. म्हणायचा, मी काय पाहुणा आहे? तू अशी बसली होतीस, आणि कोपऱ्यावर बस आली, आणि माझा हात... मी तुला नाही दिला गं, रिसोलत. मी त्याला दिला."

मस्तुराने रुमालाचं टोक दातात धरलं.

रिसोलतने दोप्पीची पट्टी अंगठ्याने पुसली. मग तिने दोप्पी झटकली, हात उंच करून पुन्हा खिळ्याला अडकवली, नीट, सरळ. खांबाला पाठ टेकली. आणि तो काठोकाठ भरलेला पियाला उचलला. भरलेल्या पियाल्याला बोट लावायला जागा नसते. बोटं भाजत होती, पण तिने तो खाली ठेवला नाही. घोट घोट करत, कोणाकडे न बघता, तळ दिसेपर्यंत प्यायली.

"बोटं भाजली तरी बोलायची नाही, मास्तरीण ती," मस्तुरा रडत रडत म्हणाली.

"तू गप गं." रिसोलतने पियाला खाली ठेवला. "किटली इकडे दे."

"अगं, पाहुणी कशी ओतेल?" फातिमा म्हणाली.

"यजमानीण समोर असताना?" जुहराला राहवलं नाही.

रिसोलतने किटली ओढून घेतली आणि इनोबतचा पियाला पुढे घेतला. त्याच्या तळाशी पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? स्वतःला चार घोट?"

"असंच," इनोबत म्हणाली.

"असंच नाही," मस्तुरा म्हणाली. "दोन वर्षं बघतेय मी कुंपणावरून. रोज असंच पिते. मी म्हटलं, चहापत्ती वाचवत असेल."

रिसोलतने तळातला थंड चहा अंगणात फेकला. मग ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. काठावर चहा फुगून आला, एक थेंब बाहेर ओघळला, तेव्हा कुठे किटली सरळ केली. दोन्ही हातांनी पियाला उचलून तिने इनोबतच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "पाहुण्या आम्ही आहोत. तू नाहीस. घर तुझं आहे."

इनोबतने पियाला धरला. बोटं भाजली. ती प्यायली आणि रडली, आणि दोन्ही एकदम करायला गेल्याने ठसका लागला, आणि जुळ्या दोन्ही बाजूंनी तिची पाठ चोळायला धावल्या, आणि मस्तुरा म्हणाली, "मेली तर कॅफेचं बिल कोण देणार?" आणि मग जे हसू फुटलं ते शेजारच्या अंगणात ऐकू गेलं असेल.

"कुठला कॅफे?" रिसोलत म्हणाली. "तिथली पोरं चहा ओततात. त्यांना काय कळतंय, कोणाला किती? पुढची बारी जुळ्यांकडे. आणि तख्ताला एक पायरी करून घ्या दोघी. माझ्यासाठी नाही, फातिमाच्या कमरेसाठी."

उन्हं कलली. मस्तुरा भांडी घेऊन मोरीवर बसली. नको नको म्हटलं तरी ऐकेना. जुळ्यांनी उरलेल्या सोमशांची पुरचुंडी बांधून घेतली आणि फाटकातून जाताना दोघींनी मिळून एक निरोप घेतला. वेलीखालचा उजेड मधासारखा झाला होता. रिसोलतचा भाचा गाडी घेऊन यायचा होता, तो आला नव्हता. की तिनेच त्याला उशिराने बोलावलं होतं, ते कोणाला कळणार?

ती खांबाला टेकूनच बसली होती. इनोबत समोर येऊन बसली.

मग रिसोलतने चष्मा काढून मांडीवर ठेवला. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेली बाई.

"हं," ती म्हणाली. "सांग."

"काय सांगू?"

"आजचं. सगळं."

"तू होतीस की इथे."

"मी नव्हते असं समज. मी आत्ता आले, फरगान्याच्या बसने. मी उठायला निघाले तेव्हा त्या जुळ्यांची तोंडं कशी झाली होती ते मला दिसलंच नाही. पहिल्यापासून सांग, घाई करू नकोस."

इनोबतने किटली घेतली. एक पियाला भरला, काठोकाठ, आणि तिच्यापुढे ठेवला. दुसरा भरला, काठोकाठ, आणि आपल्यापुढे ठेवला. फाटकाच्या दोन्ही फळ्या अजून उघड्याच होत्या.

"सकाळी मी उठले," ती सांगू लागली, "आणि तुम्ही दुपारी येणार हेच विसरले..."